रोज एक गाणं, पण कुणासाठी?

एका वाचकाचं पत्र, थोडक्यात

मी 61 वर्षांची, बँकेतून निवृत्त झालेली, सांगलीत राहते. गाण्यांचं वेड लहानपणापासून. वडिलांच्या काही जुन्या तबकड्या आणि मी स्वतः विकत घेतलेल्या, रेडिओवरून भरलेल्या साडेतीनशेच्या आसपास कॅसेटी घरात आहेत. मागच्या वर्षी भाच्याने खटपट करून त्यातल्या बऱ्याचशा कॉम्प्युटरवर उतरवून दिल्या. तेव्हापासून रोज सकाळी साडेसहाला मी डोळे मिटून यादीवर बोट ठेवते आणि जे गाणं येईल ते तीन व्हॉट्सॲप ग्रुपवर पाठवते: माहेरचा, बँकेतल्या मैत्रिणींचा आणि सोसायटीचा. सुरुवातीला कौतुक झालं. आता सगळे बघतात, पण एका शब्दाने कुणी बोलत नाही. सोसायटीच्या ग्रुपवर एकाने लिहिलं, "काकू, हा ग्रुप पाण्याच्या वेळा कळवायला आहे." माहेरचे म्हणतात, तुझं सारखं नाट्यसंगीतच असतं. पुण्यातला मुलगा म्हणतो, "आई, यूट्यूबवर सगळं आहे. ज्याला ऐकायचंय तो ऐकेल." यजमानांना ही उठाठेव वाटते. एका जुन्या सहकाऱ्याने कॉपीराइटची भीतीही घातली. हल्ली लोकांना कानच उरलेला नाही असं मला वाटायला लागलंय. मनाला फार लागलं. हे सगळं बंद करून टाकू का?

प्रिय ताई,

बंद करू नका. मात्र आत्ता चाललंय त्या पद्धतीने चालूही ठेवू नका.

लोकांना कान उरलेला नाही, हे तुमचं म्हणणं आधी घेऊ. सुप्रभातची फुलं आली की बघणाऱ्याचा एक क्षण जातो. गाणं मात्र वेळ मागतं. मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या जुन्या तबकडीची एक बाजू तीन-सव्वातीन मिनिटांत संपायची, पण तुमच्या संग्रहात मैफलीतली नाट्यपदंही असणार, आणि ती दहा-बारा मिनिटं चालतात. सकाळी साडेसहाला तुमची भाची डबा भरत असेल. बँकेतली मैत्रीण नातवाला स्कूलबसपर्यंत सोडायला निघाली असेल. कुणी एसटीत असेल आणि इअरफोन घरी राहिले असतील. "नंतर निवांत ऐकू" असं यातल्या प्रत्येकीला मनापासून वाटतं, आणि संध्याकाळपर्यंत त्या गाण्यावर चाळीस मेसेज साचलेले असतात. न ऐकलेल्या गाण्याला दाद कशी देणार? खोटं "वा वा" लिहिण्यापेक्षा माणूस गप्प बसतो. या गप्प बसण्याला मी तरी अनादर म्हणणार नाही.

मैफलीत दाद तिथल्या तिथे मिळते. समेवर मान हलते, कुणाच्या तोंडून नकळत "क्या बात है" निघून जातं. ज्यांनी अशा बैठका ऐकल्या आहेत त्यांना फोनवरची शांतता जास्त बोचते, हे मी समजू शकते. पण फोनच्या पलीकडे हललेली मान आपल्याला दिसत नाही, म्हणून ती हललीच नाही असं धरून चालू नका.

एक अगदी व्यवहारातली गोष्टही आहे. साध्या दर्जाची एमपी 3 फाइल मिनिटाला साधारण एक एमबी जागा घेते. रोज पाच मिनिटांचं गाणं धरलं तर महिन्याला दीडशे एमबी होतात. बऱ्याच ज्येष्ठांचे फोन आधीच नातवंडांच्या व्हिडिओंनी भरलेले असतात, आणि ग्रुपवर आलेलं बरंचसं अनेक फोन आपोआप उतरवून घेत असतात. "तुझी गाणी नकोत" असं म्हणणाऱ्या एखादीला खरं तर "माझा फोन भरला" एवढंच म्हणायचं असतं.

आता डोळे मिटून बोट ठेवण्याबद्दल. यातली गंमत मला मनापासून आवडते. स्वतः निवडायला बसलं की माणूस फिरून फिरून त्याच पंधरा-वीस गाण्यांशी येतो. बोट ठेवलं की कधी न लावलेल्या कॅसेटची दुसरी बाजूही बाहेर येते. पण असं केल्याने आपोआप विविधता येईल ही समजूत बरोबर नाही. संग्रहात जे जास्त, तेच बोटाखाली जास्त येणार. समजा तुमच्या यादीतली एक तृतीयांश गाणी नाट्यसंगीताची असली, तर महिन्यात दहाएक वेळा नाट्यपद निघेल आणि जवळपास दर दुसऱ्या आठवड्यात सलग दोन दिवस निघेल. माहेरच्यांची तक्रार अशी गणितात बसते. स्पॉटिफायसारख्या मोठ्या कंपनीलाही हे भोगावं लागलं. शफल, म्हणजे गाणी कशाही क्रमाने लावायची सोय, लावूनही एकाच गायकाची गाणी लागोपाठ येतात, म्हणजे यात काहीतरी गडबड आहे, असं ऐकणारे म्हणत. गडबड काहीच नव्हती, नशिबाने निघालेला क्रम असाच असतो. शेवटी 2014 मध्ये कंपनीने क्रम लावायची पद्धतच बदलली आणि एकाच गायकाची गाणी मुद्दाम लांब लांब पसरवायला सुरुवात केली. तुम्हीही यादीचे चार-पाच भाग करा. नाट्यसंगीत, भावगीत, अभंग, हिंदी सिनेमा, राग-संगीत असे. आज एका भागावर बोट, उद्या दुसऱ्या. तक्रार निम्म्याने कमी होईल.

निम्म्यानेच म्हणते आहे, कारण खरी अडचण वेगळी आहे. तुम्ही गाणं नशिबावर सोडता, आणि त्यासोबत ऐकणारा माणूसही नशिबावर सोडता. तीन ग्रुप, शेदोनशे माणसं, ज्याच्या कानावर पडेल त्याच्या पडेल. तिथे माझं तुमच्याशी जमत नाही.

तुम्ही रेडिओच्या काळातल्या. आकाशवाणीवरचं "आपली आवड" आठवा. त्यातली गाणी आपण कुठे निवडलेली असायची? कुठल्या तरी गावातल्या, कधी न पाहिलेल्या माणसांनी पोस्टकार्ड टाकून मागितलेली गाणी आपण कान देऊन ऐकायचो, कारण गाण्याआधी नावं वाचली जायची. अमुक गावचे तमुक आणि त्यांचे घरचे. कुणाला तरी ते हवं होतं एवढं कळलं की परक्याच्या आवडीचं गाणंही आपलं व्हायचं. तुमच्या साडेसहाच्या गाण्याला असं नाव नसतं. फाइल येते. कुणाचा आवाज, कुणाचे शब्द, कुणाची चाल, तुमच्याकडे ते कुठून आलं आणि आज मलाच का, यातलं काहीच तिच्यासोबत येत नाही.

म्हणून माझी सूचना अशी. बोट रोज ठेवा. निघालेलं गाणं आधी स्वतः पूर्ण ऐका. ऐकताना कुणाची तरी आठवण येईल, जिच्यासोबत तुम्ही ते नाटक पाहिलंत तिची, किंवा हे पद बेसूर पण जीव ओतून म्हणणाऱ्या मावसभावाची. ते गाणं त्या एका माणसाला पाठवा, ग्रुपवर नाही. सोबत दोन-तीन ओळी लिहा. कुणाचीच आठवण आली नाही, तर त्या दिवशी पाठवू नका. तुम्ही ऐकलंत, तेवढ्यानेही त्या दिवसाचं गाणं झालं.

ओळी कशा लिहायच्या? तुमच्या पत्रात एक वाक्य होतं, त्यावर मी बराच वेळ थांबले. एका कॅसेटमध्ये गाण्याआधी निवेदिकेचं अर्धंच वाक्य आहे आणि कडव्याच्या मध्येच तुमच्या आईने स्वयंपाकघरातून तुम्हाला मारलेली हाक आहे, असं तुम्ही लिहिलंय. हे जसंच्या तसं लिहा. "प्ले आणि रेकॉर्ड ही दोन्ही बटणं एकदम दाबेपर्यंत निवेदिका अर्धं बोलून गेली होती. दुसऱ्या कडव्यात आईची हाक ऐक." बहिणीला हे गेलं, तर ती डबा बाजूला ठेवून ऐकेल याची मला खात्री आहे.

तुमच्या मुलाच्या म्हणण्याचं उत्तरही यातच आहे. त्याचं अर्धं बरोबर आहे. गाजलेली भावगीतं, सिनेमाची गाणी, मोठ्या कंपन्यांच्या कॅसेटी हे सगळं यूट्यूबवर आहे, बहुतेक वेळा तुमच्या कॅसेटपेक्षा स्वच्छ आवाजात. अशा गाण्यांसाठी फाइल पाठवायची गरजच नाही. अधिकृत चॅनेलचा दुवा पाठवा आणि ओळी तुमच्या लिहा. फोनही भरणार नाही. पण रेडिओवरून भरलेलं ते अर्धं वाक्य, ती हाक, गावातल्या भजनी मंडळाची कॅसेट, घरच्या भोंडल्याची किंवा मंगळागौरीची गाणी, ही जगात फक्त तुमच्याकडे आहेत. ती वेगळ्या फोल्डरमध्ये काढा. संग्रहातला खरा ठेवा तोच.

गाण्यासोबत नाव असण्याबद्दल मी जरा हट्टी आहे. 1902 मध्ये कलकत्त्यात गायिका गौहरजान यांचं ध्वनिमुद्रण झालं, तेव्हा गाणं संपताना त्या स्वतःचं नाव मोठ्याने सांगत. तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला तयार व्हायच्या, आणि तिथल्या माणसांना आवाज कुणाचा हे कळण्याचा तो एक मार्ग होता. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या संशोधकांनी गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, आणि त्या कुणी म्हटल्या, कुठल्या गावात, याची नोंदही ठेवली. पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडियाच्या संकेतस्थळावर आज त्या ओव्या त्या बायकांच्या नावानिशी वाचता-ऐकता येतात. आपण मात्र फॉरवर्ड करताना कवीचं नाव पहिल्यांदा गाळतो, मग संगीतकाराचं, आणि शेवटी गायिकेचंही. तुमच्याकडे कॅसेटींची छापील कार्डं आहेत, त्यावर ही सगळी नावं आहेत. कार्डाचा फोटो काढून फाइलसोबत ठेवला तरी पुष्कळ झालं.

कॉपीराइटचं आता. घाबरू नका, पण थोडं समजून घ्या. आपल्या 1957 च्या कायद्यानुसार ध्वनिमुद्रणावरचा हक्क ते प्रसिद्ध झाल्याच्या पुढच्या वर्षापासून 60 वर्षं चालतो. 1960 साली निघालेल्या तबकडीवरचा हक्क 2020 च्या अखेरीस संपला. तुमच्या वडिलांच्या बऱ्याच तबकड्या या हिशेबात मोकळ्या झाल्या असतील. शब्द आणि चालीचा हिशेब मात्र वेगळा आहे, तिथे कवी आणि संगीतकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षं मोजतात. "मानापमान" हे नाटक 1911 चं. ते लिहिणारे खाडिलकर 1948 मध्ये गेले, चाली देणारे गोविंदराव टेंबे 1955 मध्ये, त्यामुळे त्यातली पदं आणि चाली आता सगळ्यांच्या आहेत. गीतरामायणाचं तसं नाही. गदिमा 1977 मध्ये गेले, म्हणून शब्दांवरचा हक्क 2037 च्या अखेरपर्यंत राहील, आणि बाबूजी, म्हणजे सुधीर फडके, 2002 मध्ये गेले, म्हणून चालींवरचा त्याहून पुष्कळ पुढे. रेडिओच्या प्रक्षेपणावर आकाशवाणीचा हक्क 25 वर्षांचा असतो, पण त्यात वाजलेल्या गाण्याचा हक्क त्या गाण्यासोबतच राहतो.

खाजगी वापराला कायद्याने जागा ठेवली आहे. आपल्या कॅसेटची प्रत स्वतःला ऐकायला करणं वेगळं आणि शेकडो अनोळखी माणसांना फाइल वाटणं वेगळं. एका माणसाला एक गाणं आणि नव्या गाण्यांचा फक्त दुवा, एवढं पाळलंत तर त्या सहकाऱ्यांनी घातलेली भीती मनातून काढून टाका. उद्या स्वतःचा चॅनेल काढून गाणी जाहीर लावावीत असं वाटलं, तर मात्र आधी वकिलाला विचारा. मोठ्या ग्रुपवर रोज फाइली टाकणं थांबवण्याचं हेही एक कारण आहेच.

सोसायटीचा ग्रुप आजच सोडून द्या, म्हणजे तिथे गाणी पाठवणं. ते गृहस्थ जरा तुटक बोलले, पण म्हणणं रास्त आहे. पाण्याची वेळ शोधताना मध्ये गाणं आलं तर गाण्याचाच राग येतो. माहेरच्या ग्रुपवर आठवड्यातून एक, रविवारी दुपारी, आणि तेही शक्यतो तुमच्या त्या खास फोल्डरमधलं. "रोज" हा शब्दच मोडा. रोज येणाऱ्या गोष्टीची कुणी वाट बघत नाही.

बँकेतल्या मैत्रिणींसाठी मी फोन पूर्ण बाजूला ठेवायला सांगेन. सांगलीतच बहुतेक जणी असतील. महिन्यातून एका दुपारी चौघी-पाचजणींना घरी बोलवा. वडिलांच्या तबकड्या प्रत्यक्ष लावा. प्रत्येकीने यादीवर डोळे मिटून बोट ठेवायचं आणि निघेल ते सगळ्यांनी न बोलता शेवटपर्यंत ऐकायचं, गप्पा नंतर. तुमचा खेळ तिथे खरा रंगेल, कारण जे निघेल त्याला ऐकणारी माणसं तिथल्या तिथे समोर असतील. आणि कान असलेली माणसं हवीत म्हणता, तर मिरज तुमच्या दाराशी आहे. ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्यात उरुसाच्या वेळी किराना घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ संगीतसभा होते, तिथे येणाऱ्यांत तुमच्यासारख्या संग्राहकांशी ओळख होणं अवघड नाही. तबकड्यांपुरतं म्हणाल, तर मुंबईत 1990 पासून सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संस्था आहे. जुन्या तबकड्या एकत्र बसून ऐकणं आणि त्यांच्या नोंदी करणं हे काम ती मंडळी करत आली आहेत.

एक काम मात्र या सगळ्याच्या आधी, पावसाळा यायच्या आत. भोंडल्याची, आईच्या आवाजाची, रेडिओवरून भरलेली अशी ज्यांची दुसरी प्रत नाही त्या कॅसेटी बाजूला काढा. दमट हवेत पट्टीवर पांढरी बुरशी धरते. कॅसेटच्या तोंडाशी पट्टीला मागून दाबणारा छोटा फेल्टचा तुकडा असतो. तो गळून पडला की आवाज विरळ आणि घुसमटल्यासारखा येतो, आणि आपण गाणंच गेलं असं समजतो. नव्या कॅसेटमधला तो तुकडा लावला, किंवा जुनी पट्टी दुसऱ्या कॅसेटच्या खोक्यात बसवली, की आवाज बहुतेक वेळा परत येतो. लावण्याआधी कॅसेटच्या वरच्या कडेच्या प्लास्टिकच्या दोन्ही छोट्या कळ्या मोडलेल्या आहेत ना बघा, नाहीतर चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं तर सगळं पुसलं जाईल. टेपचं हेड आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापसाने पुसून घ्या. भाच्याला सांगा, या कॅसेटी एमपी 3 मध्ये नको, आवाज न दाबता जसाच्या तसा ठेवणाऱ्या डब्ल्यूएव्ही फाइलमध्ये उतरव. मिनिटाला दहा एमबी लागतील, लागू देत. दोन वेगळ्या डिस्कवर ठेवा, त्यातली एक मुलाकडे. 78 च्या तबकड्यांना जाड टोकाची वेगळी सुई लागते, एलपीची सुई लावून त्या उतरवल्या असतील तर त्या परत कराव्या लागतील.

यजमानांना पटवण्याच्या भरीला पडू नका. बैठकीच्या दिवशी चहाला ते आपणहून येऊन बसतील किंवा बसणार नाहीत, दोन्ही चालेल.

मुलाशी मात्र बोला. त्याला गाणी पाठवताना तुम्ही त्याच्याकडून कधी गाणं मागितलंत का? पत्रात तरी तसं काही नाही. त्यालाही फोनमधल्या त्याच्या यादीवर डोळे मिटून बोट ठेवायला सांगा आणि निघेल ते पाठव म्हणा. रॅप निघेल, इंग्रजी निघेल, तुम्हाला गोंगाट वाटेल असं काही निघेल. ते शेवटपर्यंत ऐका, शक्यतो इअरफोन लावून. आवडलं नाही तर नाही म्हणा, पण ठेका कसा होता, एखादी ओळ कानात राहिली का, आवाज कुणासारखा वाटला, हे त्याला लिहून कळवा. पुढचं गाणं त्याला पाठवायची घाई करू नका, त्याने मागेपर्यंत थांबा.